डोळे मिटून ओळख



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवता, त्या सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रॉली लावत होत्या. हिरव्या कापडावर एकेक उपकरण ठेवायची त्यांची रीत ठरलेली होती. धारेच्या वस्तू एका कडेला, मुठी सगळ्या एका दिशेला, आणि ज्याची गरज आधी पडणार ते हाताशी. मी तेव्हा इंटर्न होते. अख्खं थिएटर त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं, आणि आजही मी तसंच म्हणणार आहे.

विषय कोणता घेणार असं मला विचारलं गेलं तेव्हा मी ‘वैद्यकीय उपकरणांची ओळख’ असं साधं उत्तर दिलं. बाईंकडून मी जे शिकले ते एवढ्यात मावतं. शिवाय ही उपकरणं आता दवाखान्याच्या भिंतीबाहेर आली आहेत. ब्लड प्रेशरचं यंत्र, थर्मामीटर, साखर तपासायचं यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी औषधांच्या डब्याशेजारी असतात. उपकरण घरात आलं, पण त्याची ओळख झाली का, हा प्रश्न मला छळतो.

आमच्या परीक्षेत एक टेबल असायचं. त्यावर वीस-पंचवीस उपकरणं मांडलेली असायची. परीक्षक त्यातलं एक उचलायचे आणि विचारायचे, “हे काय?” आम्ही नावांची जंत्री घोकून गेलेलो असायचो. “ॲलिस टिश्यू फोर्सेप्स, सर.” मग दोन उपयोग सांगायचे, की पुढचा विद्यार्थी. मी त्या टेबलावर चांगले गुण मिळवले होते आणि आपल्याला उपकरणं ओळखता येतात अशा समजुतीत थिएटरात गेले होते.

एका रात्री केस नव्हती. बाईंनी मला बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि हातात एक वस्तू दिली. कात्रीसारख्या दोन कड्या, मध्ये दात्यांचा खटका. “आर्टरी,” मी म्हटलं. त्यांनी दुसरी दिली. तशाच कड्या, तसाच खटका. “हीपण आर्टरी.” बाई म्हणाल्या, “पहिला निडल होल्डर होता. चोचीला बोट लाव.”

मी बोट लावलं. आर्टरी फोर्सेप्सची चोच लांब आणि निमुळती असते, आत आडव्या रेघा असतात. तिचं काम तुटलेली रक्तवाहिनी चिमटून धरायचं. निडल होल्डरची चोच आखूड आणि जाड असते, आत उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. आखूड का, तर अडकित्ता आठवा. सुपारी खिळीच्या जवळ धरली की फुटते, टोकाशी धरली की निसटते. आखूड चोचीत सुई तशीच घट्ट बसते, आणि जाळीमुळे फिरत नाही. आर्टरीने सुई धरली तर ऐन टाका घालताना सुई गिरकी घेते, आणि आर्टरीची चोच कायमची वाकडी होते. पुढच्या केसला तीच वाकडी आर्टरी वाहत्या रक्तवाहिनीवर लावली की ती नीट मिटत नाही. आजच्या रात्रीचा आळस असा उद्याच्या पेशंटच्या वाट्याला येतो.

मग कोकर आली. तिच्या टोकाला दात असतो. चिवट पापुद्रा धरायला तो दात हवा. प्रसूतीच्या खोलीत पाणमोट फोडायलाही हीच उचलतात. थिओडोर कोकर हे स्वित्झर्लंडमधले सर्जन, थायरॉइड ग्रंथीवरच्या कामासाठी १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परीक्षेत हे सांगितलं की परीक्षक खूश व्हायचे. बाईंना त्यात रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा असायचा: “याने काय धरायचं नाही?”

हा प्रश्न परीक्षेत मला कोणीच विचारला नव्हता. ॲलिसच्या टोकाला बारीक दात असतात, त्याने त्वचेच्या कडा आणि मजबूत आवरण धरायचं. बॅबकॉक दिसायला त्याची बहीण, पण तिच्या टोकाला गोलाई असते, मध्ये खिडकी असते, दात नसतात. आतडं, अपेंडिक्स, गर्भनलिका हे नाजूक अवयव त्या खिडकीत चेंगरल्याशिवाय मावतात. “आतड्याला ॲलिस लावलास, तर आज पडलेलं भोक तू परवा शिवायला येशील,” असं बाई एका रेसिडेंटला म्हणाल्याचं मला शब्दशः आठवतं. उपकरणाला नकाराची एक बाजू असते, आणि ती ठाऊक झाल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. आज मी जे काही बोलणार आहे ते या नकाराच्या बाजूविषयी.

उपकरणं अशी निरखून ओळखण्याला आपल्याकडे फार जुनी बैठक आहे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. यंत्र म्हणजे धरणारं, ओढणारं, आत पाहायला वाट करून देणारं. शस्त्र म्हणजे कापणारं. धरण्याच्या यंत्रांना नावं आहेत ती पशुपक्ष्यांच्या तोंडांची: सिंहमुख, काकमुख, कंकमुख. कंक हा बगळ्याच्या जातीचा, लांब चोचीचा पक्षी. सुश्रुतांनी कंकमुखाला सगळ्यांत वरचं स्थान दिलं, कारण ते सहज आत जातं, रुतलेली वस्तू पकडतं, आणि वस्तूसकट सहज बाहेर येतं. चिखलातून मासा टिपणारा पक्षी ज्याने निरखला असेल त्यालाच हे नाव सुचावं. आजही आमच्या ट्रेमध्ये मॉस्किटो फोर्सेप्स आहे आणि कानासाठीची क्रोकोडाइल फोर्सेप्स आहे. डास आणि मगर. आणि या १०१ यंत्रांमध्ये प्रमुख यंत्र कोणतं, तर वैद्याचा हात, असंही त्या ग्रंथात म्हटलेलं आहे. हे वाक्य मी कॉलेजात वाचलं होतं. त्याचा अर्थ मला थिएटरात कळला. तो प्रसंग मी शेवटी सांगणार आहे.

त्या मगरीच्या तोंडाविषयी मात्र आत्ताच बोलते, कारण इथे आया बसल्या आहेत. मूल कानात काहीतरी घालतं. कापसाचा बोळा किंवा कागदाचा कपटा असेल तर क्रोकोडाइल फोर्सेप्सने तो चटकन निघतो. गुळगुळीत मणी असेल तर त्याच फोर्सेप्सने धरायला गेलं की मणी सटकून आणखी आत जातो, पार पडद्यापर्यंत. तिथे वाकडं टोक असलेला बारीक हूक लागतो. तो मण्याच्या मागे न्यायचा आणि मणी पुढे ओढून घ्यायचा. हरभऱ्याचा दाणा असेल तर कानात पाणी सोडायचं नाही, कारण हरभरा फुगतो. मूल तेच, कान तोच, आणि वस्तू बदलली की उपकरण बदलतं. म्हणून घरच्या केसाच्या पिनेने तुम्ही प्रयत्न करू नका, आणि डॉक्टरांना आधी सांगा की आत नेमकं काय गेलं आहे.

आता स्टेथोस्कोपकडे येते. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लायनेक यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. तोपर्यंत छातीला थेट कान लावायची पद्धत होती. ती तरुण स्त्री, आणि अंगाने स्थूल. कान लावणं संकोचाचं होतं, आणि बोटांनी ठोकून काही कळत नव्हतं. लायनेकना आठवलं की लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकू येत त्याहून स्वच्छ आले. पुढे त्यांनी लेथवर स्वतःच्या हाताने वीतभराहून थोडी लांब लाकडी नळी घडवली, तीन वर्षं आजारी माणसांच्या छात्या ऐकल्या, मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनात फुप्फुसं आणि हृदयं पाहून कानाने ऐकलेलं डोळ्यांनी ताडून पाहिलं, आणि १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला.

या गोष्टीत सगळे संकोचाचा भाग सांगतात. मला त्यानंतरची तीन वर्षं मोठी वाटतात. नळी एका दिवसात झाली होती. तिच्यातून येणारा कोणता आवाज कशाचा, हे शिकायला तीन वर्षं आणि कितीतरी मृतदेह लागले. लायनेक १८२६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने गेले. ज्या आजाराचे छातीतले आवाज त्यांनी जगाला ओळखून दिले, तोच आजार.

तुमच्या डॉक्टरच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपला दोन तोंडं असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. एक सपाट, पातळ पडद्याचं, त्याला डायफ्रॅम म्हणतात. दुसरं वाटीसारखं, त्याला बेल म्हणतात. पडदा दाबून ठेवला की उंच स्वराचे आवाज येतात: श्वासाचे, हृदयाच्या झडपा मिटण्याचे. वाटी हलकेच टेकवली की खर्जातले आवाज येतात. तीच वाटी जोरात दाबली तर तिच्याखालची कातडी ताणली जाते, कातडीचाच पडदा होतो, आणि खर्ज गायब होतो. उपकरण तेच, हाताच्या दाबाने ते दुसरं होतं.

हे मी का सांगते? माझ्या दवाखान्यात सातव्या महिन्यातली एक मुलगी आली होती. धाप लागते म्हणत होती. रक्त कमी असेल, दिवस भरत आलेत, धाप लागणारच, असं तिला दोन ठिकाणी सांगून झालं होतं. मी पडद्याने ऐकलं, मलाही काही वेगळं वाटलं नाही. मग तिला डाव्या कुशीवर वळवलं, वाटी स्तनाखाली, हृदयाच्या टोकाशी नुसती टेकवली आणि श्वास सोडून थांबायला सांगितलं. दूरवर बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तशी गडगड आली. मायट्रल झडप आखडलेली होती. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या तापानंतर सांधे धरतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात, तो संधिवाताचा ताप या मुलीला केव्हातरी होऊन गेला होता. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, ते सगळं त्या आखडलेल्या दारातून जायला बघतं, आणि मागे फुप्फुसांत पाणी साचतं. तिला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवता आलं. मुलगी आणि बाळ दोघंही आहेत. पण वाटी न टेकवता मी तिला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं, तर माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता असं कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?

जे चुकलं तेही सांगायला हवं. एक दुकानदारीण माझ्याकडे यायची, दणकट बांध्याची, भरदार दंडांची. तिचं ब्लड प्रेशर मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वरचा आकडा १६०च्या आसपास. गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांनी ती पहाटे अंथरुणातून उठली, चक्कर येऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं. बाई तेव्हा निवृत्त होऊन माझ्या दवाखान्यात येत होत्या. त्यांनी तिच्या दंडाकडे पाहिलं, मग यंत्राच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि कपाटातून मोठा पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला. मोठ्या पट्ट्याने आकडा १४०च्या आत आला. तिला गोळ्यांची गरज नव्हती. ती चूक माझी होती, आणि मनगट तिचं मोडलं.

दंडावर पट्टा गुंडाळतो त्याच्या आत रबराची पिशवी असते. ती दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद असायला हवी. पिशवी लहान पडली तर खालची रोहिणी दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि ती जास्तीची हवा ब्लड प्रेशर म्हणून लिहिली जाते. ही चूक यंत्राच्या जन्माइतकी जुनी आहे. १८९६ मध्ये इटलीत स्किपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा काढला, तेव्हा सायकलच्या ट्यूबचं रबर वापरलं होतं. तो पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता आणि आकडे जास्त दाखवायचा. पाच वर्षांनी रेकलिंगहाउझेन या जर्मन वैद्याने ते दाखवून दिलं आणि पट्टा रुंद केला. माझ्या कपाटात मोठा पट्टा होता, पुस्तकात हा इतिहास होता, आणि मी दंडाकडे पाहिलं नाही.

पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकायची रीत १९०५ची, निकोलाय कोरोतकोव्ह या रशियन सर्जनची. जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्यांवर काम करताना ते वाहिन्या ऐकायचे. पट्ट्याची हवा सोडत आणताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरून जातात तो खालचा. त्यांचं हे टिपण एका छापील पानाहूनही लहान होतं. जगभर रोज कोट्यवधी वेळा केली जाणारी तपासणी त्या पानावर उभी आहे.

घरी यंत्र असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसा. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. हात लोंबत ठेवला तर आकडा वाढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटरवरून नको. आणि मोजताना बोलू नका. सुनेशी वाद घालता घालता घेतलेला आकडा तुमच्या रोगाचा नसतो. एका आकड्यावरून गोळी वाढवू नका, कमीही करू नका. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे वहीत लिहून आणा.

नर्सिंग कॉलेजच्या मुलींनो, आता जे सांगणार आहे ते तुमच्या पाठ्यपुस्तकात कदाचित एका ओळीत असेल. प्रसूतीच्या ट्रेमध्ये सिम्स स्पेक्युलम असतं. दोन टोकांना लहान-मोठी दोन पाती, मधून पन्हाळीसारखी खाच. बाईला डाव्या कुशीवर वळवून लावलं की योनीमार्ग स्वच्छ दिसतो. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, वाकवलेल्या चमच्यापासून सुरुवात करून ते घडवलं. त्यामागचा आजार भयंकर होता. प्रसूती दिवसेंदिवस अडली की बाळाच्या डोक्याने मूत्राशयाची भिंत चेंगरून मरते, भोक पडतं, आणि त्या बाईची लघवी आयुष्यभर गळत राहते. या भोकाची शस्त्रक्रिया सिम्स ज्या स्त्रियांवर शिकले त्या गुलाम होत्या. नाही म्हणायचा हक्क त्यांना नव्हता, आणि भूल दिली जात नव्हती. त्यांतल्या तिघींची नावं सिम्स यांनी स्वतः नोंदली: ॲनार्का, लूसी आणि बेट्सी. एकट्या ॲनार्कावर तीसएक शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. उपकरण ट्रेमध्ये राहिलं, कारण ते उपयोगाचं आहे आणि रोज कोणाचातरी जीव वाचवतं. तुम्ही ते हातात घ्याल तेव्हा आधी कोमट पाण्यातून काढून घ्या, समोरच्या बाईला काय करणार ते सांगा, पडदा ओढा, आणि तिने ‘थांबा’ म्हटलं तर थांबा. बाई हे न चुकता करायच्या. त्यांना सिम्सचा इतिहास माहीत होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

उपकरण कोणाच्या हातात जाणार आहे, याचा विचार करून घडवलेली एक वस्तू आपल्या महाराष्ट्रात जन्मली, आणि ती मला फार आवडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. “बाळाचं पोट उडतंय” असं आई सांगते, पण पोट किती उडलं म्हणजे न्यूमोनिया? उत्तर श्वास मोजण्यात आहे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि त्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास झाले तर धोका. पण गावातल्या सुईणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते, आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. यावर दोन उत्तरं शक्य होती. सुईणी अडाणी आहेत म्हणून काम दुसऱ्याला द्यायचं, किंवा उपकरण बदलायचं. त्यांनी उपकरण बदललं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक लहानग्या बाळांसाठी, दुसरी त्यांच्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. पाटीवरच्या मणीचौकटीसारखी ही वस्तू. तिला वीज लागत नाही, अक्षर लागत नाही. जी बाई त्या घरात बाळंतपण करून गेलेली आहे, तिच्याच हातात निदान आलं.

याच्या शेजारी ऑक्सिमीटर ठेवून पाहा. त्याचा पाया १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी घातला. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि त्यावरून टक्का निघतो. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हे यंत्र घेऊन कार्यकर्ते आपल्या दारापर्यंत आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. माणूस नीट बोलतोय, चालतोय, आणि टक्का ८५, हे आम्ही त्या वर्षी पाहिलं. त्या यंत्राने पुष्कळांना वेळेत खाटेपर्यंत पोचवलं. पण त्याचीही नकाराची बाजू आहे. बोट गार पडलेलं असेल, नखाला रंग असेल, हात थरथरत असेल तर आकडा बिघडतो. आणि कातडी सावळी असेल तर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त टक्का दाखवू शकतं, हे त्याच वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. आपण बहुतेक सगळे सावळे. तेव्हा यंत्र ९४ म्हणत असलं आणि समोरच्या माणसाला एक वाक्य पुरं बोलताना धाप लागत असली, तर माणसावर विश्वास ठेवा.

आता शेवटचा विषय, मोजदादीचा. पोटाच्या शस्त्रक्रियेत रक्त टिपायला कापडी मॉप वापरतात. सुरू करताना मोजायचे, पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचे. डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची तपासयादी आणली.  आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, आणि मृत्यू आणि गुंतागुंती दोन्ही कमी झाल्या. त्या यादीत उपकरणांची, मॉपची आणि सुयांची मोजणी मोठ्याने म्हणायची आहे. ती यादी यायच्या कितीतरी आधी बाई मोठ्याने मोजत होत्या. त्यांच्या मोजणीच्या आड कोणी बोललं की त्या पहिल्यापासून मोजायच्या.

मघाशी म्हटलं तो प्रसंग आता सांगते. रात्री दोनची केस होती. विषमज्वराने आतड्याला भोक पडलेला विशीतला मुलगा. भोक शिवून झालं, पोट धुऊन झालं. सगळे थकलेले. बाई मोजू लागल्या आणि नऊवर थांबल्या. दहा हवे होते. त्यांनी पुन्हा मोजले. नऊ. मोठे सर म्हणाले, आत मी काही ठेवलेलं नाही, बादलीत बघा. बादली उपसली. जमिनीवर, टेबलाखाली, कापडाच्या घड्यांत पाहिलं. भूलतज्ज्ञ घाई करत होते, मुलाची नाडी बारीक होत होती. सरांनी हात पुढे केला, “निडल होल्डर.” बाईंनी दिला नाही. “सर, एक कमी आहे,” एवढंच म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात लहान होता. मी तो डाव्या बरगडीखाली, प्लीहेच्या वर, श्वासपटलाच्या घुमटापर्यंत घातला. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. रक्ताने आणि पाण्याने भिजलेला मॉप बोटांना आतड्यासारखाच मऊ लागतो, तितकाच कोमट, तितकाच निसरडा. मी डोळे मिटले. आतडं बोटाखालून सरकतं, ते गुळगुळीत असतं. प्लीहा भरीव असते, तिला कड असते. मग बोटाच्या टोकाला काहीतरी खरखरीत लागलं. उभा दोरा, आडवा दोरा. वीण.

मी तो ओढून बाहेर काढला. बाईंनी किडनी ट्रे पुढे केला, मॉप त्यात घेतला, मोठ्याने “दहा” म्हणाल्या, आणि निडल होल्डर सरांच्या हातात ठेवला.